पहिला नंबर

देवावर सगळ्यांत जास्त प्रीती करावी, याबद्दल ख्रिस्ती माणसांत मतभेद नाहीत. ती पहाटे किती वाजता करावी आणि तेव्हा दाराला कडी लावावी का, यावर मात्र आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

लेंटचे दिवस होते. नगरच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातल्या इफिसच्या मंडळीवर उपदेश केला. त्या मंडळीकडे कष्ट होते, चिकाटी होती, खोटे प्रेषित ओळखण्याची हुशारी होती. गेली होती फक्त पहिली प्रीती. हे म्हणताना पाळकसाहेबांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं. (बायकोच्या मते घड्याळाकडे. मी घड्याळाखालीच बसलो होतो.) शिरूर कासारला परतताना पाथर्डी येईपर्यंत माझा निश्चय झालेला होता.

मी शिक्षक. आमचा पश्चात्तापसुद्धा वेळापत्रकाच्या रूपात येतो. त्याच रात्री फूलस्केपवर प्राधान्यक्रम लिहिला: देव एक, बायको दोन, मुलगा तीन, आई चार, नोकरी पाच. याला मोठा आधार होता. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन यानं पाचव्या शतकातच सद्‌गुणाची व्याख्या प्रीतीचा नीट लागलेला क्रम अशी करून ठेवली आहे. फक्त त्यानं तो क्रम कपाटाला चिकटवला नव्हता, आणि बिशपच्या घरात तो वाचायला बायकोही नव्हती.

आमच्याकडे पहिल्या क्रमांकावर कुणाचीच हरकत निघाली नाही. भांडण दोनपासून पुढे. आई एवढंच म्हणाली, "चार का?" आणि जेवली नाही. मुलानं पप्पांचा मोबाइल यादीत कसा नाही, असं विचारलं. त्याच्या अंदाजानं तो दुसरा असायला हवा होता. बायको दोन नंबरवर खूश होईल अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, "मला नंबर नको, गॅस बुक करा."

अशा वेळी मला नारायण वामन टिळक आठवतात. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी. आमच्या नगरात राहिला, अभंग लिहिले, भजन-कीर्तन केलं, आणि 1917 साली मिशनचा ठरलेला पगार सोडून मोकळा झाला. देव पहिला म्हणजे असा! हे मी बायकोला जरा चढ्या आवाजात सांगितलं. तिच्या माहेरी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' बायबलच्या शेजारी ठेवलेलं असतं. ती म्हणाली, "टिळक व्हायच्या आधी लक्ष्मीबाईंना विचारून या." आणि दुसऱ्या दिवशी आईचे डोळे दाखवायला म्हणून मुलासकट नगरला निघून गेली.

घर रिकामं झालं, हीही मला प्रभूची योजनाच वाटली. पहाटे चार ते सहा प्रार्थना. दाराला आतून कडी. कुणीही हाक मारो, उघडायचं नाही.

इथं शिरूरच्या उन्हाळ्याबद्दल दोन शब्द. सिंदफणा गावाजवळून जाते, पण मार्चनंतर ती फक्त नकाशावर ओली असते. नळ येतो तेव्हा गावात जी लगबग उडते ती ईस्टरच्या पहाटेसुद्धा मी पाहिलेली नाही. शेजारच्या आजींचा मुलगा आणि सून दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखर कारखान्याकडे गेलेले. आपल्या जिल्ह्यातून दर हंगामाला अशी लाखोंनी माणसं जातात, आणि मागे म्हाताऱ्या, नातवंडं आणि ड्रम उरतात. आजी माळकरी. त्यांचं नामस्मरण घागर उचलताना, भाकरी थापताना, नातवाला रट्टा घालताना अखंड चालू असतं. त्यासाठी त्यांनी कधी कडी लावलेली मी ऐकली नाही.

तर त्या पहाटे मी मन, जीव, बुद्धी आणि शक्ती अशी चारही लावून बसलो होतो. आवाज चढला होता, डोळ्यांना धार लागली होती. तेवढ्यात दार वाजलं. "सर! नळ आलाय! ओ सर!" मोह असाच येतो, मी वाचलेलं होतं. मी आवाज आणखी चढवला. दार वाजायचं थांबलं. सैतान पळाल्याची माझी खात्री झाली.

सहा वाजता कडी काढली. ओट्यावरचे दोन्ही ड्रम काठोकाठ भरलेले, वर झाकणं लावलेली. नळ कोरडा. मी तिथेच गुडघे टेकले.

रविवारी नगरला साक्षीच्या वेळी मी उभा राहिलो. देवाला पहिला नंबर दिला आणि त्यानं माझे ड्रम भरले, हे मी बऱ्यापैकी रंगवून सांगितलं. मागच्या बाकावरची एक बाई रडली. मी बसलो, तशी बायकांच्या बाजूनं आमची मंडळी उठली. "माझीही एक छोटी साक्ष आहे," ती म्हणाली.

आजींचा तिला फोन गेला होता. सर आत मोठ्यानं रडताहेत, दार उघडत नाहीत, बाई माहेरी गेलेल्या; आजींनी व्हायचा तो हिशेब केला होता. आधी रडणाऱ्या माणसाचे ड्रम भरले. मग स्वतःचा भरायला गेल्या, तर अर्ध्यावर नळ गेला. त्या आठवड्यात त्या आणि नातवंडं अर्ध्या ड्रमावर होती, आणि पलीकडे मी चमत्काराच्या पाण्यानं स्कूटर धूत होतो.

मघाची बाई पुन्हा रडली, या वेळी हसून. पाळकसाहेबांनी तयार केलेला उपदेश बाजूला ठेवला आणि मार्काचा बारावा अध्याय उघडला. शास्त्र्यानं येशूला पहिली आज्ञा कोणती एवढंच विचारलं होतं. त्यानं दुसरीही सांगून टाकली, शेजाऱ्याची, आणि तीही जुन्या करारातूनच उचललेली. माझ्या यादीत शेजारी नव्हता. फूलस्केप संपलं होतं. या वेळी पाळकसाहेब कुठे बघत होते, यावर बायकोचं आणि माझं एकमत झालं.

चर्चच्या मंडळीनं आजींना पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. आजींनाही आपल्या पाण्याची कथा कुठे झाली ते बघायचं होतं. एकादशी नाही याची खात्री करून त्या निघाल्या. एसटीनं स्वतःचा प्राधान्यक्रम आधीच लावलेला आहे: पंचाहत्तरीपुढच्या आजी फुकट, बायकोला अर्धं तिकीट, मला पूर्ण. मी पाचशेची नोट काढली. कंडक्टरनं सुट्टे मागितले, आणि माझ्याकडे तेवढेच नव्हते.

आजींनी कमरेची चंची सोडली, दहाच्या नोटा थुंकी लावून मोजल्या आणि माझ्या हातात ठेवल्या.

"सर, हे मी दिलेत," त्या म्हणाल्या. "तिथं उभं राहून आणि काही दुसरंच सांगताल."