इंजिनाचं नाव घ्या

‘माहेर लीड्सचं, वळण बार्शीचं, पण बार्शी कधी डोळ्यांनी पाहिली नाही. ज्याचं नाव लावते, त्याने आभाळातून पडणारी माणसं वाचवायचा ध्यास घेतला. मी कोण?’

लातूरच्या रेल्वेवेड्यांत कुणी असं हुमान घातलं, की समोरचा चहा निवून जातो. नवखा गडी ‘पुष्पक विमान’ म्हणून मोकळा होतो आणि मग त्याचं नाव पुष्पकच पडतं. जुनं खोड मात्र ‘बार्शी’ या शब्दापाशी दबा धरून बसतं. बार्शी म्हणजे बार्शी लाइट, आणि बार्शी लाइट म्हणजे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. 1911 मध्ये ती लातूरला पोचली. साहेबाचा हट्ट एकच होता : कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. म्हणजे रूळ हलके टाकले तरी माल भरपूर जातो. या हट्टाला साजेशी इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याने घडवली.

हीच विद्या घेऊन साहेब मायदेशी गेला आणि स्टॅफर्डशायरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या सव्वाआठ मैलांच्या चिमुकल्या रेल्वेचा इंजिनिअर झाला. ती 1904 मध्ये धावू लागली. तिच्याकडे इंजिनं दोनच, दोन्ही किटसनची. एकाचं नाव ‘जे. बी. अर्ल’ आणि दुसऱ्याचं, हुमान सुटलं, ‘ई. आर. कॅल्थ्रॉप’! राहता राहिलं आभाळ. रोल्स-रॉइसमधले रोल्स हे कॅल्थ्रॉपचे स्नेही. ते 1910 मध्ये विमान कोसळून गेले आणि त्यानंतर हा रेल्वेचा माणूस पॅराशूटच्या मागे लागला. त्याच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. शिवाय तो अरबी घोडेही पाळायचा. पण घोड्यांवरचं हुमान अजून कुणाला जमलेलं नाही.

लातूरकरांची दुखरी नस इथेच आहे. प्रयोग झाला यांच्या रुळांवर आणि नावाची पाटी लागली मॅनिफोल्डच्या इंजिनाला. बार्शी लाइटच्या इंजिनांना काय मिळालं? ए वर्ग, बी वर्ग. शाळेच्या तुकड्याच! नांदेडकडे मीटरगेज, तिथे वायपी आणि वायजी. पूर्णेच्या शेडमधला फायरमन इंजिनाला नावं ठेवत असेल, पण नाव ठेवायचं त्याच्याही मनात आलं नसावं. घरचं नाव नसल्यामुळे मराठवाड्याच्या खेळाडूला कायम परमुलखातली नावं पाठ करावी लागतात. त्यामुळे तो भयंकर तयारीचा झाला आहे.

या खेळात नांदेडकरही असतात, आणि ते नियमांचे पक्के. नाव इंजिनाचं हवं, गाडीचं चालणार नाही. त्यामुळे ‘डेक्कन क्वीन’ पहिल्याच फेरीत बाद, विदर्भातली ‘शकुंतला’ बाद. एकदा लातूरकराने ‘तहानलेल्यांना पाजलं ते कोण’ असं विचारून ‘जलदूत’ पुढे केलं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली ती गाडी. सगळे क्षणभर गप्प झाले, कारण घागर घेऊन रांगेत उभं राहिलेला माणूस प्रत्येकाच्या घरात होता. मग नांदेडकर म्हणालाच, ‘पाणी खरं, पण नाव गाडीचं. आन् इंजिन कामून डिझेलचं?’ गुण कापला गेला.

‘सर रॉजर लमली’चंही तसंच. मुंबईच्या गव्हर्नरचं नाव, रुबाबदार इंजिन, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जागा; पण चालायचं विजेवर. वाफ नाही तर मान नाही.

सगळ्यात सुरेख हुमान चित्तरंजनचं. ‘एकाच बॅरिस्टरचं नाव गावालाही, कारखान्यालाही आणि तिथल्या पहिल्या इंजिनालाही, तरी तिन्ही नावं एक नाहीत.’ उत्तर ‘देशबंधू’, 1950. याच कारखान्याने 1970 मध्ये ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन काढलं, त्याचं नाव ‘अंतिम सितारा’. ते इतकं सरळ आहे, की विचारणाऱ्यालाच लाज वाटते. म्हणून मग गुंता करतात : ‘बादशहाने सिनेमात काम केलं, सिनेमाचं नाव 1853 च्या बोरीबंदरात शोधा.’ रेवाडीच्या शेडमधलं ‘अकबर’ हे इंजिन ‘सुलतान’ चित्रपटात दिसतं आणि मुंबई-ठाणे पहिल्या गाडीची इंजिनं होती ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’. निदान सांगतात तरी तसं. ही नावं तेव्हाचीच की मागाहून चिकटवलेली, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद नांदेडच्या टपरीवर निघाला की देवगिरी एक्सप्रेस येऊन निघूनही जाते.

पण खरी दांडी उडते ती या हुमानाने : ‘गादीचं गाव माझं नाव, पंचगंगा मात्र पाहिली नाही.’ सगळे कोल्हापूरच्या गाड्या आठवू लागतात, ‘महालक्ष्मी’चा जप सुरू होतो. उत्तर आहे ‘कोल्हापूर’च! लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेने 1934 पासून ‘ज्युबिली’ वर्गाची 191 इंजिनं बांधली आणि त्यांतल्या कित्येकांना साम्राज्यातल्या मुलखांची नावं दिली. 5593 नंबरचं ‘कोल्हापूर’ ग्लासगोच्या कारखान्यात जन्मलं. 1967 मध्ये सेवेतून निघालं तरी भंगारात गेलं नाही. 191 पैकी जी 4 वाचली त्यांत ते आहे. ‘बडोदा’, ‘ग्वाल्हेर’ आणि ‘इंदूर’ यांच्या नशिबी मात्र तोडणं आलं.

यावर नांदेडकराने एक दिवस अंगठा नाचवत विचारलं, ‘मग आपलं काय?’ तेही सापडलं. 5585, ‘हैदराबाद’. 1934 मध्ये नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्याच राज्यात, म्हणजे त्या पाटीत दोघांचा वाटा. ते इंजिनही गेलं भंगारात. हे कळल्यावर हळहळायचं की टाळ्या वाजवायच्या, यावर लातूर आणि नांदेडचं अजून एकमत नाही. लातूरकरांनी आता नवा बेत केला आहे : तिथल्या रेल्वेडबा कारखान्यातून निघणाऱ्या गाडीच्या इंजिनाला तरी ‘कॅल्थ्रॉप’ म्हणावं, असा अर्ज द्यायचा. नांदेडकराने तो वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, की तिथे ज्या वंदे भारत गाड्या व्हायच्या आहेत, त्यांना वेगळं इंजिन असतं का?