यंदाच्या दसऱ्याला नक्की

कॅमेरा घेतलेला माणूस डोंगरावर, पक्ष्यांमागे, नाहीतर पोरांच्या गॅदरिंगला दिसतो. कॅमेरा घेणार असलेला माणूस चहाच्या टपरीवर सापडतो, आणि कॅमेऱ्यातलं जास्त त्यालाच कळतं.

हा गृहस्थ चाळिशीचा. सिंहगड रोडला फ्लॅट, नोकरी बरी, हप्ते चालू. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यायचा हे त्यानं मुलगी बालवाडीत असताना ठरवलं. मुलगी आता सहावीत आहे. बजेटचे त्याच्याकडे तीन आकडे असतात : बायकोला सांगायचा, दुकानदाराला सांगायचा आणि दिवा मालवल्यावर स्वतःशी पुटपुटायचा. पहिला चाळीस हजारांवर ठाम आहे. तिसऱ्याचा थांग त्याला स्वतःलाही लागलेला नाही.

२०१८ साली तो घेणारच होता. निकॉनचा डी३५०० की कॅननचा १५००डी, एवढाच प्रश्न उरला होता. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे डीएसएलआर, दोन्हींबरोबर १८-५५ची किट लेन्स. अशा वेळी शहाणा माणूस हातात जो नीट बसेल तो उचलतो. यानं एक्सेल उघडलं. रकाने भरता भरता त्याच्या ध्यानात आलं, की त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात आधी निकॉननं, मग कॅनननं मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट जाहीर केलेत : झेड आणि आरएफ. सोनीचा ई माउंट तर २०१०पासूनच बाजारात होता. माउंट म्हणजे बॉडीवरची लेन्स अडकवायची कडी. एका कंपनीची धरली की पुढच्या लेन्स बहुधा त्याच घरच्या घ्याव्या लागतात. ‘उद्या डीएसएलआर बंद पडले तर?’ असं म्हणून त्यानं दसरा सोडला.

१ जानेवारी २०१९ला डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, तेव्हा थांबण्यातलं शहाणपण त्यानं अख्ख्या ऑफिसला ऐकवलं. कॅमेरा मात्र घेतला नाही. उतरायला लागलंय तर अजून उतरेल, असा त्याचा हिशेब. पुढे डी३५००चं उत्पादनच थांबलं आणि एक्सेलमधला अर्धा वाद परस्पर मिटला.

दरम्यान खरेदी अगदीच झाली नाही असं नाही. बॅग आली. ट्रायपॉड आला. सिलिका जेलच्या पुड्या आल्या. कॅननच्या १८-५५वर बसणारा ५८ एमएमचा यूव्ही फिल्टरही सेलमध्ये मिळाला म्हणून आला, आणि बॅगेत एकटाच राहू लागला.

मुंबईला साडूकडे गेला की फोर्टातल्या बोरा बाजारात त्याची फेरी ठरलेली. जुन्या मालाच्या दुकानात तो शटर काउंट विचारतो, लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारतो आणि एक डोळा मिटून आत फंगस शोधतो. हे तो बरोबरच करतो, बरं का. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीचे धागे धरतात आणि फार दिवस राहिले तर काचेवरचा लेपही खातात. वॉरंटीशिवायचा माल स्वस्त का, हेही तो गल्ल्यावरच्या माणसाला समजावून सांगतो. तो माणूस मान डोलावतो. त्याचं दुकान त्याच मालावर चालतं.

एकदा त्याला तिथं निकॉनची जुनी ५० एमएम एफ १.८डी घबाड वाटावं अशा किमतीत दिसली. लेन्स हातात घेऊन तो पाकीट काढणार, तोच दुकानदारानं विचारलं, “बॉडी कोणती?”

“घ्यायचीय. डी३५०० बघतोय, सेकंडहँड.”

“मग फोकस हातानं करावा लागेल, साहेब. मोटर त्या बॉडीतही नाही आणि ह्या लेन्समध्येही नाही. एएफ-एस लिहिलेली घ्या.”

हे एक्सेलमध्ये नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र ऑफिसात हा मोटरचा धडा तो देऊ लागला.

गंमत अशी, की त्याचा सल्ला खरोखर चांगला असतो. पैसे कमी असतील तर बॉडी जुनी घ्या, लेन्सवर खर्च करा, असं तो सांगतो. दाखला देतो तो कॅननच्या ईएफ माउंटचा : १९८७ची ईएफ लेन्स आजही कॅननच्या डीएसएलआरवर चालते, बॉडी मात्र चार-पाच वर्षांत जुनी म्हणवली जाते. भाच्यानं हे ऐकलं. वापरलेली बॉडी, ५५-२५०ची लेन्स, आणि थंडीत पोरगा भिगवणला, उजनीच्या पाण्यात उभ्या रोहित पक्ष्यांपुढे हजर. मामा त्याचे फोटो मोठे करून बघतो आणि क्षितिज कललंय म्हणतो.

अखेर गेल्या दसऱ्याला बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, “घ्या, नाहीतर त्या पैशांत फ्रिज येतोय.” संध्याकाळी कॅननची वापरलेली बॉडी आणि ५० एमएम एफ १.८ घरात आली. किट लेन्स त्यानं बाणेदारपणे नाकारली : ती ५५वर एफ ५.६ला अडते, फिफ्टी तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटचा विचार केला तर मुद्दा बिनतोड होता. बॅगेतला फिल्टर तेवढा बसेना. फिफ्टीला ४९ एमएमचा लागतो.

सगळ्यांना सोफ्यावर बसवण्यात आलं. लहान सेन्सरच्या बॉडीवर हीच लेन्स ८० एमएमसारखी वागते. दहा फुटांवरून तिच्यात जेमतेम साडेचार फूट रुंदीचं दृश्य मावतं. दहा फुटांवर भिंत होती. चौकटीत बायको आणि मुलगी आल्या, आजीचा एक कान आला, आजोबा आलेच नाहीत. दार उघडून तो जिन्यात गेला. तिथून एक पायरी खाली उतरला. आजोबांचा गुडघा दिसू लागला. वरच्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन त्याच्यामागे खोळंबून उभे राहिले.

तेवढ्यात मुलीनं सगळ्यांना दाराकडे पाठ करून वळायला लावलं, फोन लांब धरून सेल्फी काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकलाही. त्यात सोफ्यावरचे सगळे आहेत. मागच्या उघड्या दारात बाबाही आहेत, डोळ्याला कॅमेरा लावून, डाव्या हातानं आजोबांना आणखी सरका म्हणून खुणावताना. काकांची पिशवीसुद्धा आली आहे.