आधारवरचे दोन पत्ते

"आधारकार्डावर पत्ते वेगळे आहेत गो," काकू गडग्यापलीकडून म्हणाल्या आणि सुपारी सोलायच्या थांबल्या. काकूंचा हात थांबला म्हणजे विषय मोठा.

"कोणाच्या?"

"कोणाच्या काय! समुद्राकडच्या त्या रिसॉर्टात जोडपं उतरलंय ना, त्यांच्या. त्याचा पुण्याचा, तिचा डोंबिवलीचा. आणि खोली एक!"

बातमी पक्की होती, कारण काकूंची भाची तिथेच काउंटरवर बसते. दुसरीकडे आधार दाखवला की माणूस विसरून जातो. चौलात तो आधी रजिस्टरात जातो आणि दिवेलागणीच्या आत आळीभर.

"वय?"

"साठीच्या पुढचे दोघंही. तीच तर गंमत."

खरंच, पोरंसोरं असती तर कोणी मान वर केली नसती. शनिवार-रविवारी अलिबागेपासून रेवदंड्यापर्यंत रस्ताभर तीच असतात. पण केस पिकलेली दोन माणसं, मंगळवारी येतात, चार रात्री राहायच्या म्हणतात, आणि येतातही वेगवेगळी! तो आपल्या गाडीने, खोपोली-पेण करत, वडखळला तासभर अडकून. ती भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला, तिथून बसने अलिबागला आणि पुढे सहा सीटरमध्ये पाय आखडून. सहा सीटरवाल्याने तिला गेटाशी सोडलं तेव्हा तो गेटातच उभा होता म्हणे. पिशवी हातातून घेतली आणि दोघं तिथेच उभं राहून हसत बसली.

"हसत?" मी विचारलं.

"हसत. नवरा-बायको गेटात उभं राहून हसतात का कधी? आधी भाड्यावरून भांडतात."

काकूंचा अभ्यास दांडगा. रिसॉर्टाचा मागचा व्हरांडा त्यांच्या पडवीतून सरळ दिसतो, त्यात त्यांचा दोष नाही. पूर्वी तिथे वाडी होती. माड, पोफळी, मधून मिरवेल, एवढी दाट की पलीकडे समुद्र आहे हे फक्त गाजेवरून कळायचं. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं आणि अख्खी वाडी एका दुपारी आडवी झाली. काकूंच्याही पोफळी गेल्या, अर्ध्याहून जास्त. पोफळ नव्याने लावायची तर फळ धरायला सात-आठ वर्षं हवीत. शेजारच्याला तेवढा दम नव्हता, किंवा तेवढी वर्षं हाताशी नव्हती. त्याने जमीन देऊन टाकली आणि तिथे सहा खोल्या, एक झोपाळा आणि कोणी न उतरणारा तलाव झाला. काकूंनी मात्र रोपं लावली. ती अजून पुरुषभर उंचीचीच आहेत, तोवर काकूंना दिसायचं ते दिसतंच.

"काय करतात दिवसभर?" आता मीही गडग्याला टेकले होते. कपडे बादलीतच राहिले.

"काऽही नाही. सकाळी घावणे खातात. मग वाळूत जाऊन बसतात. आपली वाळू ती काळसर, काशिदला असते तशी पांढरी नाही, फोटोसुद्धा कोणी काढत नाही. दुपारी झोप. आणि रात्री झोपाळ्यावर अकरा-अकरा वाजेपर्यंत बोलत बसतात. आवाज येतो, शब्द येत नाहीत." शेवटच्या वाक्यात काकूंचं खरं दुःख होतं. "मला सांग, चाळीस वर्षं संसार झाल्यावर बोलायला उरतं काय? गोळी घेतलीत का नि गॅस बंद केलास का. संपलं."

मी म्हटलं, काकू, परक्या माणसाकडे टक लावून बघायची आपल्या गावाला सवयच आहे. रशियातला त्वेरचा व्यापारी, अफनासी निकितीन, 1469च्या सुमारास एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला, तेव्हा मी जाईन तिथे माणसं मागे येतात आणि गोऱ्या माणसाचं नवल करतात, अशी नोंद त्याने करून ठेवली. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला, ते प्रकरण निराळं. पण चौलची पहिली आठवण त्याने लिहिली ती आपल्या बघण्याची.

"तो 'परदेसी' सिनेमातला ना? नर्गिस होती बघ त्यात. रेवदंड्याला शाळेत त्याचा खांब उभा केलाय." काकूंनी निकितीनला दोन वाक्यांत निकालात काढला. "तो एकटा आला होता. ही दोघं आहेत."

गुरुवारी सकाळी ती दोघंच आमच्या आळीत आली. दत्ताच्या डोंगराचा रस्ता विचारत. काकूंनी सुपारीचं सूप बाजूला ठेवलं आणि रस्ता सोडून बाकी सगळं सांगायला घेतलं.

"डोंगरावर जाताय? 700च्या आसपास पायऱ्या आहेत हो."

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या, "यांचा गुडघा दुखतो, पण ऐकतील तर शपथ."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. *यांचा*. मी मान खाली घातली.

पण काकू एका सर्वनामावर समाधान मानणाऱ्या नव्हेत. पाणी, मग कोकम सरबत, मग "मुलं काय करतात?" असं करत पाचव्या मिनिटाला त्यांनी गाठ सोडवली. गृहस्थांच्या आई अठ्ठ्याऐंशीच्या, पुण्याच्या घरातून हलायला तयार नाहीत, म्हणून ते तिथे. मुलीला डोंबिवलीत जुळं झालं, तिची नोकरी, म्हणून या तिथे. बँकेसाठी लागला म्हणून आधारवर पत्ताही बदलून घेतलेला. चौदा महिने झाले. दोन महिन्यांतून एकदा कुठेतरी मध्यावर भेटतात. आधी लोणावळ्याला गेले होते, तिथे शेजारच्या खोलीत रात्रभर गाणी. मग मुलीनेच सुचवलं, चौलला जा, तिथे बघायला काही नाही.

इथे मात्र काकूंचा चेहरा उतरला.

"काही नाही? रामेश्वराचं देऊळ बघितलंत? पुष्करणी समोर, आणि आत मंडपात जमिनीखाली कुंडं आहेत, पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायचं, अशी रीत. पुलापलीकडे कोर्लईला जा, तिथे अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात घराघरात, आपल्याला एक अक्षर कळत नाही. रेवदंड्याचा कोट त्याच पोर्तुगिजांचा. आणि मार्गशीर्षात या, दत्ताची यात्रा पाच दिवस असते, उभं राहायला जागा मिळत नाही. काही नाही म्हणे!"

"हो हो," गृहस्थ घाईने म्हणाले, "पुढच्या खेपेला सगळं बघू. या खेपेला नुसतं बसायचंय."

"मग डोंगरावर कशाला?"

"वर जाऊन बसायचंय," बाई म्हणाल्या.

काकूंना ते पटलं. निदान पटल्यासारखं दिसलं. त्या आत गेल्या आणि पांढऱ्या कांद्याची एक माळ घेऊन आल्या. बाईंच्या हातात देताना त्यांना जाणवलं असावं, की ही एक माळ आता जायची कुठे, पुण्याला की डोंबिवलीला. पुन्हा आत गेल्या आणि दुसरी माळ आणली. कांद्याच्या बाबतीत काकू इतक्या सैल कधी नसतात. मी मागच्या वर्षी मागितले तेव्हा भाव सांगितला होता.

दोघं गेली. तो जरा लंगडत, ती दोन पावलं पुढे, माळा दोघांच्या हातात एकेक. वळणावर दिसेनाशी झाली तरी काकू रस्त्याकडेच बघत होत्या. मला वाटलं डोळे पाणावले की काय. मीही काहीतरी बोलायच्या बेतात होते.

"चुकलंच गो," काकू म्हणाल्या आणि सूप पुढ्यात ओढलं. "मग आता चार दिवस आईला कोणाकडे ठेवून आलाय तो, ते विचारायचं राहिलंच."