नो-रिप्लाय साहेबांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. नो-रिप्लाय साहेब यांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या दोन वर्षांत मला सर्वांत जास्त पत्रं आपलीच आली. कंपन्या बदलल्या, शहरं बदलली, पण अर्ज धाडला की मिनिटभरात पोच देणारे आपणच. रात्री दोनला अर्ज केला तरी आपण जागे. आईने एकदा माझ्या मोबाइलवर आपलं नाव वाचलं आणि विचारलं, ''नोरिप्लाय म्हणजे गोव्याकडचे का रे? माणूस बरा दिसतोय, लगेच उत्तर देतो.'' मी हो म्हणालो.

परवाच्या आपल्या पत्राची सुरुवात ''डिअर फर्स्ट नेम'' अशी होती. राग नाही आला. इतक्या दिवसांच्या ओळखीनंतर माणूस एकेरीवर यायचाच.

तसा मी आपल्याला अनोळखी नाही. दर खेपेला माझी सगळी माहिती मी दोनदा देतो. आधी बायोडेटा अपलोड करायचा, मग त्यातलंच सगळं चौकोनांत पुन्हा टाइप करायचं. मध्येच आपलं यंत्र मदतीला धावतं आणि बायोडेटा स्वतः वाचून चौकोन भरून टाकतं. त्याच्या वाचनानुसार माझं गाव मेकॅनिकल, शिक्षण सांगली आणि छंद सत्तावन्न टक्के. (ते बारावीचे. दहावीपासून सलग साठ टक्के हवेत, या अटीने तसाही मी निम्म्या ठिकाणी दारातच अडतो.) चूक माझीच म्हणे, कारण मी बायोडेटा दोन रकान्यांत मांडला होता. क्लासच्या सरांनी समजावलं : रकाने नकोत, तक्ता नको, फोटो नको, जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे कोंबायचे. आता माझा बायोडेटा हुबेहूब तुमच्या जाहिरातीसारखा दिसतो. त्यात मी कुठे आहे, ते मलाही शोधावं लागतं.

पुढचा चौकोन नोटीस पिरियडचा. नोकरीच नाही, म्हणून शून्य लिहिलं तर लाल अक्षरं येतात. शेवटी ३० दिवस लिहिले. म्हणजे बेकारी सोडायला मला महिनाभराची मुदत लागते.

फ्रेशर पाहिजे, अनुभव दोन वर्षं, या अटीवर सगळ्यांचे विनोद करून झालेत. मी करत नाही. फक्त त्या अटीवर कुणाचं पोट चालतं ते सांगतो. पुण्यात नऱ्ह्याच्या एका टपरीवर एक जण चहा पाजून म्हणाला, ''तीन वर्षांचा एक्सपीरियन्स लावून देतो. पीएफसकट.'' मी नको म्हणालो. धाडस नव्हतं आणि पैसेही. पण खोलीवर येऊन विचार करत बसलो. त्याची अनुभव देणारी कंपनी अस्तित्वात नाही, हे तो निदान डोळा मिचकावून सांगत होता. तुमच्याकडची एक जागा जूनपासून दर पंधरवड्याला नव्याने निघते, 'तातडीने भरणे आहे' म्हणून. ती तरी आहे का? मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन एकट्या माझंच का?

मागच्या महिन्यात मुलाखतही झाली. समोर कुणी नव्हतं. पडद्यावर प्रश्न उमटायचा, विचाराला तीस सेकंद, बोलायला दीड मिनिट, आणि कोपऱ्यात माझंच तोंड. आमच्या खोलीत चार कॉट. तिघे रूममेट भिंतीला टेकून श्वास धरून उभे. पंखा कुरकुरतो म्हणून एकाने तोही बंद केला. प्रश्न आला, 'तुम्ही टीममध्ये कसं काम करता?' टीम त्या क्षणी तिथेच घामाने निथळत होती, फक्त कॅमेऱ्यात येत नव्हती. शेवटी पडद्यावर आलं, आपल्याला भेटून आनंद झाला. कुणाला झाला, ते कळलं नाही. मी सवयीने नमस्कार केला.

त्याला आज अडतीस दिवस झाले.

साहेब, नोकरी द्याच, असा माझा हट्ट नाही. हिशेब मलाही येतो. १६ जुलै २०२४ला मुंबईत कालिन्याला विमानतळावरच्या हमालीच्या २,२१६ जागांसाठी पंचवीस हजारांवर पोरं लोटली. गर्दी आवरेना, तेव्हा बायोडेटा ठेवा आणि निघा, असं सांगून वाटेला लावलं. त्याच वर्षी पोलीस भरतीत १७,४७१ जागांना १७ लाख ७६ हजार अर्ज आले. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णवांना नाहीच म्हणावं लागणार. पण म्हणा ना!

२०२३च्या तलाठी भरतीला मीही हजार रुपये भरले होते. अर्ज दहा लाखांवर. निकाल लागला, तेव्हा गुणांच्या सामान्यीकरणाने २०० पैकी २१४ गुणांचा चमत्कार केला आणि अख्ख्या महाराष्ट्राने कपाळाला हात लावला. तरी त्या यादीमुळे मला माझे गुण कळले. आपलं झालं नाही, याचं दुःख करायला एक ठरावीक दिवस मिळाला. त्या रात्री मेसमध्ये आम्ही चौघांनी जास्तीचा गुलाबजाम घेतला.

वडिलांकडे सेवायोजन कार्यालयाचं कार्ड होतं. अजून ट्रंकेत आहे, घडीवर फाटलेलं. त्यावर त्यांना एक कॉल आला नाही. पण नूतनीकरणाला गेलं की खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणायचा, ''तुमचं काही नाही.'' वडील त्याला आजही शिव्या देतात. मला हेवा वाटतो. शिव्या द्यायला त्यांच्याकडे एक चेहरा आहे.

आजी तर आणखी पुढची. १९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, वय चोवीस. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. त्यामागे आमच्याच जिल्ह्यातले, विसापूरचे वि. स. पागे. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता, असं त्यात लिहून ठेवलं. भत्ता किती जणांच्या हातात पडला, हा वेगळा विषय. पण सही येत नसलेल्या बाईने टिकाव-घमेलं मागितलं, तर सरकारने पंधरा दिवसांत तिला उत्तर द्यावं, हे कुणाला तरी सुचलं होतं. तिच्या नातवाने बी. ई. केल्यावर मात्र कॅलेंडरच गायब झालं.

कायदा वगैरे राहू द्या. ताईला बघायला आले होते, तेव्हाचं सांगतो. मंडळींनी पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा चहा मागितला आणि चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. धडधडीत खोटं, पण निरोप होता. आई दोन तास बोलली नाही, मग उरलेला चिवडा डब्यात भरला आणि दुसऱ्या स्थळाला फोन लावला.

तर आपणही असंच काहीतरी खोटं कळवावं. जागा रद्द झाली म्हणा, उंची कमी पडली म्हणा, मंगळ आहे म्हणा. दर रविवारी आई फोनवर विचारते, ''त्या गोव्याच्या साहेबांचं काय झालं?'' तिला सांगायला माझ्याकडे एक वाक्य हवं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
फर्स्ट नेम

ता. क. : हे पत्र लिहीत असतानाच ती जूनची जाहिरात पुन्हा निघाली. मी अर्ज केला आहे. आपली पोच चाळीस सेकंदांत मिळाली. नोटीस पिरियड या वेळी १५ दिवस लिहिलाय.