पडावे कसे, पाडावे कसे

दहा वर्षांच्या पोराला रग्बीच्या मैदानात सोडलं, की ते चिखल बघून खूश होतं. चौतीस वर्षांच्या माणसाला चिखल बघून मेडिक्लेमची मुदत आठवते. प्रौढ खेळाडूची भीती म्हणजे निव्वळ हिशोब: घराचा हप्ता, सोमवारची मीटिंग आणि "या वयात कुणी सांगितलं होतं?" हे घरचं ठरलेलं वाक्य. म्हणून प्रशिक्षकाने पहिल्याच दिवसापासून 'घाबरू नका' म्हणणं सोडावं. दातांचे डॉक्टरही तेच म्हणतात.

मुंबईत शिकवत असाल तर निम्मं काम पाऊस करतो. इथे रग्बीचा हंगामच पावसाळ्याचा. मैदान मऊ असतं आणि पाचव्या मिनिटाला मॅनेजर कोण, ट्रेनी कोण, हे त्यांच्या आयांनाही ओळखता येत नाही. इभ्रत एकदा चिखलात गेली की माणूस बराच शूर होतो.

यापुढचं शिक्षण गुडघ्यांवर, अगदी शब्दशः. दोघांना गुडघ्यांवर समोरासमोर बसवावं आणि टॅकल शिकवावा. खांदा लावायचा, दोन्ही हातांनी मिठी आवळायची, डोकं मात्र समोरच्याच्या वाटेत आणायचं नाही. ते त्याच्या मागच्या अंगाला, गाल ढुंगणाला टेकवून. इंग्रज प्रशिक्षक याला 'चीक टु चीक' म्हणतात. मराठीत भाषांतर करण्याच्या भानगडीत पडू नये. डोळे उघडे हवेत. नवखा प्रौढ आयत्या वेळी डोळे मिटतो, मग डोकं नको त्या बाजूला जातं आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. गुडघ्यांवर जमलं की उकिडवं, मग चालत, मग हळू पळत. पूर्ण वेगाची घाई करणारा प्रशिक्षक स्वतः कधी पडलेला नसतो, असा माझा संशय आहे.

पडायलाही शिकवावं: हनुवटी छातीशी, चेंडू कवेत, हात जमिनीवर टेकायचा नाही. कबड्डी खेळलेला गडी मिळाला तर त्याला पकड शिकवावी लागत नाही. फक्त हाताने चेंडू पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, हे पटवताना आपल्यालाच घाम फुटतो.

पोट सुटलेल्यांना प्रॉप करावं. दोन्ही संघ वाकून एकमेकांना रेटतात त्या स्क्रमच्या पहिल्या रांगेतला हा खांब. पोटाला आयुष्यात पहिल्यांदाच हुद्दा मिळतो आणि आत्मविश्वास त्याच संध्याकाळी दुप्पट होतो. खऱ्या स्क्रममध्ये मात्र मान पुरेशी तयार झाल्याशिवाय त्याला घालू नये. मागून सगळ्यांचा रेटा येतो तेव्हा हुद्दा कामाला येत नाही.

सामन्यानंतरच्या बैठकीलाही कमी लेखू नये. कलकत्त्यात १८७२च्या नाताळात रग्बीचा सामना झाला, पुढच्या महिन्यात क्लब निघाला. पण बारमधली फुकटची दारू थांबली तशी सभासदांना गळती लागली, असं सांगतात. १८७८मध्ये उरलेल्यांनी बँकेतले चांदीचे रुपये वितळवून करंडक घडवला. नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९पासून त्यासाठी एकमेकांना पाडताहेत. तेव्हा प्रौढांच्या शौर्याचं बजेट आखताना निदान चहा-भज्यांची तरतूद ठेवावी.

एका बाबतीत थट्टा नाही. डोक्याला मार लागल्याची शंका आली, की खेळाडूला बाहेर काढावं आणि त्या दिवशी परत उतरवू नये. तो "मी ठीक आहे" म्हणेल. मैदानावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात कमी विश्वासाचं वाक्य तेच.

सराव रविवारी सकाळी सहाला. माऊथगार्ड घरूनच गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवून आणावा. गेल्या खेपेला टपरीवाल्याच्या चहाच्या पातेल्यात तिघांचे निघाले होते.