युनिटकाका

आई खुब्याच्या ऑपरेशनसाठी अकरा दिवस रुग्णालयात होती. पहिल्याच संध्याकाळी युनिटकाका भेटायला आले. आले म्हणजे दारात थबकले, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "जुनाच पंखा की हो! 75 वॉट. बीएलडीसी बसवला असता तर 28 मध्ये भागलं असतं." मग आईकडे वळून, "बाकी कसं काय वहिनी?"

"वारा लागतोय भावजी," आई म्हणाली.

काका आमच्याच सोसायटीतले, दुसऱ्या मजल्यावरचे. त्या रुग्णालयाच्या मेंटेनन्सचे मुख्य. लोक आजार मोजतात, काका युनिट मोजतात. एकदा भेटीच्या वेळेत ते मला थेट तळघरात घेऊन गेले. लाँड्रीच्या पाइपला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "हा ट्रॅप गळतोय. वाफ फुकट चाललीय." मलाही ऐकवलं. मला फक्त खळखळ ऐकू आली, पण मान हलवली. काकांसमोर मान हलवलेली बरी, नाहीतर ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

गच्चीवर त्यांचं खरं दुःख आहे. चिलर सगळ्या इमारतीतली उष्णता गोळा करून वर आकाशात फेकतो आणि खाली अंघोळीचं पाणी तापवायला वेगळी वीज जळते. "म्हणजे पुढच्या दारी बंब पेटवायचा नि मागच्या दारी निखारे फेकायचे!" हीट पंपाची फाईल तीन वर्षं फिरते आहे. नव्या विंगच्या पश्चिमेला आर्किटेक्टने नखशिखांत काच लावली, तेव्हापासून काका त्या माणसाचं नाव घेत नाहीत, 'तो काचवाला' म्हणतात. "अहो, नाइटिंगेलबाईंनी 1859 साली पुस्तक लिहून सांगितलं, वॉर्डला दोन्हीकडून खिडक्या ठेवा. आणि हा खिडक्या सील करतो!"

काका चिक्कू आहेत असा माझा समज होता. तो चौथ्या दिवशी गेला. अकाउंट्सचा एक तरतरीत मुलगा म्हणाला, "सर, रात्री ओटी रिकामी असते, एसी बंदच करूया ना." काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ऑपरेशन चालू असताना तासाला 20 वेळा हवा बदलते, त्यात 4 वेळा ताजी, ती काय हौस म्हणून? रिकाम्या ओटीत पंखा हळू करीन, पण दाब सोडणार नाही. दाब गेला की बाहेरची धूळ आत!" मग शांत होऊन, वही काढून, त्याला वेगाचा घन शिकवला: पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी उतरवला की वीज जवळजवळ निम्मी. मुलगा हरखला. मी गणित पडताळलं, 0.8 चा घन 0.512. काका बरोबर होते. तसे ते असतातच, हीच तर पंचाईत.

दाब तपासायचं त्यांचं यंत्र म्हणजे शर्टाच्या खिशातली टिश्यू पेपरची पट्टी. ओटीच्या दाराखालच्या फटीशी बाहेरून धरायची. बाहेर फडफडली तर ठीक. टीबीच्या खोलीशी उलट, ती आत ओढली गेली पाहिजे. आकडे दाखवणारं मीटर भिंतीवर आहेच. काका त्याच्याकडे बघतात, मग पट्टी काढतात.

काकू म्हणतात, "तिकडे लाखाची वीज वाचवतात, इकडे मी गिझर चालू केला की घड्याळ लावतात."

मागच्या महिन्यात काकांचंच हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्याच रुग्णालयात. स्ट्रेचर ओटीच्या दाराशी आलं तेव्हा काकांनी हात वर केला. वॉर्डबॉयला वाटलं, घाबरले. काकांनी गाऊनच्या बाहीतून पट्टी काढली आणि म्हणाले, "मला वाकता येत नाही रे. तू धर."

वॉर्डबॉयने बसून धरली. पट्टी बाहेर फडफडली.

"चला," काका म्हणाले, "आणि तो पॅसेजमधला दिवा दिवसा कोणी लावलाय ते बघ."