पाव टक्क्याचे नाना

पाव टक्का म्हणजे असा कितीसा, असं नानांना चुकूनही विचारू नये. "लाखाला वर्षाचे अडीचशे," एवढ्यावर ते थांबत नाहीत. अडीचशेत तूरडाळ किती येते, तिथपर्यंत नेऊन सोडतात. असे नाना डोंबिवलीपासून सांगलीपर्यंत प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. सरकारी खात्यातून निवृत्त, खांद्याला आहेरात आलेली कापडी पिशवी, पिशवीत चार-पाच बँकांची पासबुकं. नातवंडांचे वाढदिवस काकूंच्या लक्षात असतात, ठेवींच्या मुदती नानांच्या.

चौकातल्या बँकेनं दर पाव टक्क्यानं वाढवला की नाना जुनी एफडी मोडायला निघतात. मुदतीआधी मोडली तर दंड लागेल, असं मॅनेजर सांगतो. मग तिथेच पावतीच्या पाठीवर आकडेमोड होते आणि नाना ठेव न मोडता परततात. चहा मात्र घेऊन.

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला हजारच रुपये काढता येतील, असं जाहीर झालं. नानांचा तिथे छदामही नव्हता, पण झोप त्यांची उडाली. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरचं विम्याचं संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं. त्याचा बारकावा नानांना तोंडपाठ: पाच लाख म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून, तेही एका बँकेच्या सगळ्या शाखा धरून. म्हणून ते कुठल्याही बँकेत चार लाख साठ हजारांच्या वर जात नाहीत. उरलेली जागा व्याजाला पाय पसरायला.

चार एप्रिलला नाना जिन्यात उभे राहतात. "पीपीएफ भरलास का रे? उद्याच्या आत भर!" पाच तारखेनंतर भरलेल्या पैशावर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. दीड लाखावर ७.१ टक्क्यांनी महिन्याचे ८८७ रुपये होतात. "आणि पन्नास पैसे," नाना. बिल्डिंगमधल्या तरुण मंडळींना हे कटकटीचं वाटतं. मला विचाराल तर कुठल्याही सल्लागारानं फुकटात एवढं नेमकं काही सांगितलेलं नाही.

म्युच्युअल फंडाचं नाव काढलं की मात्र नाना कानावर हात ठेवतात. आक्षेप जाहिरातीच्या शेवटी भरधाव म्हटल्या जाणाऱ्या त्या जोखमीच्या वाक्यावर. "मुद्द्याचं तेवढंच जो घाईघाईनं उरकतो, त्याच्या हाती मी पैसे देऊ?" याला उत्तर देणं अवघड आहे. मुलानं एकदा हिशोब मांडून दाखवला: सात टक्के व्याज, वीस टक्क्यांच्या टप्प्यातला कर गेल्यावर राहिले साडेपाच, आणि महागाई पाच टक्के धरली तर हाती अर्धा टक्का. नाना बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "अर्धा? म्हणजे पाव टक्क्याच्या दुप्पट की!"

खरा घोळ पुढेच आहे. नोकरी लागली तेव्हा उघडलेल्या खात्यात नानांनी नॉमिनी म्हणून आईचं नाव लिहिलं होतं. आईला जाऊन वीस वर्षं झाली, नाव तसंच आहे. काकूंनी विषय काढला की उत्तर ठरलेलं: "अगं, बघू. एवढी कसली घाई?" उद्या काही झालं तर दाखले आणि शपथपत्रं घेऊन काकूच हेलपाटे घालणार, हे पाच तारखेची एवढी घाई असणाऱ्या माणसाला कळत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, हे मी सांगितलं, तर नाना म्हणाले, "चार? मग टक्के कसे पाडायचे?" आणि त्या विचारात फॉर्म पुन्हा पिशवीत गेला.

तुमच्या घरी असे नाना असतील तर पाच तारीख त्यांच्याकडून शिकून घ्या. आणि नॉमिनीच्या फॉर्मवर सही होईपर्यंत त्यांना चहा देऊ नका.